मांडणीवरची भांडी

21 मार्च 2024 ची सकाळ. सहा वाजून दहा-पंधरा मिनिटं झाली असतील आणि आईचा फोन. एवढ्या सकाळी गावाकडून फोन आला की उचलायच्या आधीच पोटात गोळा येतो, कोण गेलं, काय झालं. आईचा आवाज मात्र घाबरलेला कमी आणि चकित झालेला जास्त होता. "भांडे वाजले रे सगळे, मांडणीवरचे. आधी वाटलं मांजर शिरली का काय, मग खालून घुमलं अन् पाय हलल्यावाणी झालं. आम्ही सगळे अंगणात आलाव." अंगणात हळद वाळत घातलेली, मार्च म्हणजे आमच्याकडे हळदीचाच महिना, शिजवलेल्या हळदीचा तो ओलसर मातकट वास सगळ्या गावावर असतो, आणि ती त्या हळदीच्या कडेने उभी राहून बोलत असणार हे मला इथे पुण्यात गादीवर बसून दिसत होतं. मग ती चप्पल शोधायला का कशाला दारात गेली आणि बोलता बोलता एकदम थांबली. "थांब. परत." आणि मला फोनमधून ऐकू आलं. स्टीलच्या ताटांची बारीक किणकिण, दोन-तीन सेकंद, मग काही नाही. लांबून कुत्री भुंकत होती.

पहिला धक्का 4.5 चा होता, हा दुसरा 3.6 चा, हे नंतर बातम्यांत कळलं. केंद्र आमच्याच हिंगोली जिल्ह्यात.

सगळे ठीक आहेत, भिंतीला तडा नाही वगैरे बोलून झालं, आता फोन ठेवणार तेवढ्यात आईने विचारलं, "ते औंढ्याचं मशीन रे, आभाळातलं ऐकणार म्हणतात ते. त्याला हे आपल्या जमिनीचं घुमणं नाही का ऐकू येणार? का त्याला खालचं ऐकूच येत नाही?" मी म्हणालो, "नाही गं, ते वेगळं असतं, तू नको टेन्शन घेऊ." आणि फोन ठेवला. चहा ठेवला, आंघोळ केली, ऑफिसला गेलो, आणि दिवसभर ते वाक्य खुपत राहिलं. कारण मी चुकीचं सांगितलं होतं. घाईत, आईला काय कळणार अशा सुरात सांगितलं होतं, आणि तिने विचारलेला प्रश्न मात्र नेमका तोच होता ज्याच्यावर ह्या क्षेत्रातल्या माणसांनी चाळीस-पन्नास वर्षं घालवली आहेत. ती म्हणत होती ते मशीन म्हणजे आमच्या औंढा नागनाथला होणारं लायगो, दूर अवकाशात कृष्णविवरांसारख्या जड गोष्टी एकमेकांवर आदळल्या की ज्या गुरुत्वीय लहरी निघतात त्या टिपणारं यंत्र. तसली दोन अमेरिकेत आहेत.

आमच्या भागात जमिनीचा आवाज ही नवी गोष्ट नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचं नाव तर त्या गूढ आवाजांमुळेच पेपरात येत राहिलं. लांब कुठेतरी सुरुंग उडाल्यासारखा दबका आवाज येतो, खिडकीच्या काचा थरथरतात, म्हातारी माणसं देवाचं नाव घेतात आणि परत कामाला लागतात. माझ्या पिढीसाठी त्या आवाजाच्या मागे नेहमी किल्लारी असते. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या जरा आधी, आदल्या दिवशी गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले. मी आठ वर्षांचा होतो. आमचं गाव तिथून लांब, आमच्याकडे काही पडलं नाही, पण मला जाग आली तेव्हा आजीने दुधाचं पातेलं ठेवलेलं शिंकं आढ्याला झुलत होतं, कंदिलाच्या उजेडात त्याची सावली भिंतीवर जात-येत होती, आणि आजी त्याच्याकडे बघत हात जोडून बसली होती. दूध मात्र सांडलं नव्हतं. हे मी तेव्हा पाहिलं, आणि ते माझ्या लक्षात का राहिलं ते मला फार वर्षांनी कळलं, लायगोचे आरसे कसे टांगलेत त्याचं चित्र पाहिलं तेव्हा.

शिंक्याची दोरी वरून हातात धरा आणि हात सावकाश हलवा, भांडं हाताबरोबर जातं. तोच हात भराभर हलवा, भांडं जवळपास जागच्या जागी राहतं, हलणं दोरीतच जिरून जातं. लायगोत चाळीस किलोचा काचेचा आरसा असाच टांगलाय, फक्त एकाखाली एक असे चार लोलक, आणि शेवटच्या टप्प्याला दोरी नाही तर त्याच काचेचे, जेमतेम 0.4 मिलिमीटर जाडीचे तंतू. त्यावर आणखी टेबलं आहेत जी जमीन इकडे हलली की स्वतः तिकडे हलतात. असे आरसे चार किलोमीटर लांब भुजांच्या टोकांना, मधे निर्वात नळ्या, त्यातून लेझर जातो-येतो, दोन काटकोनातल्या भुजांतून परत आलेला उजेड एकमेकाला विझवतो. एक भुजा किंचित लांब झाली आणि दुसरी किंचित आखूड, की तो अंधार किंचित उजळतो. हे किंचित म्हणजे किती तर प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी लहान. मी हा आकडा बऱ्याच वेळा वाचलाय आणि प्रत्येक वेळी माझं डोकं त्याच्यापाशी थबकतं, पुढे जातच नाही. चार किलोमीटरच्या नळीला पृथ्वीचा गोलावासुद्धा नडतो, मीटरभराचा फरक पडतो, म्हणून खालचं काँक्रीट त्या हिशोबाने ओतावं लागतं, हे मात्र मला समजतं. जमीन सपाट करणाऱ्या माणसाचं काम मी पाहिलंय.

तर आईला मी म्हणालो की ते वेगळं असतं. नसतं वेगळं. त्या आरशांना सगळं ऐकू येतं. जगात कुठेही मोठा भूकंप झाला की त्यांचा तोल जातो, तिथले लोक म्हणतात लॉक गेला, आणि मग आरसे शांत होईपर्यंत, कधी कधी तासन् तास, काहीच मोजता येत नाही. शेकडो किलोमीटर लांबच्या किनाऱ्यावर समुद्र खवळला की त्याची धडधड जमिनीतून आत येते. अमेरिकेतल्या लुइझियानात लिव्हिंग्स्टन म्हणून जागा आहे, पाइनच्या जंगलात, तिथे जवळून रेल्वे जाते आणि आसपास लाकूडतोड चालते, ते सगळं डेटात उमटतं. दुसरी जागा हॅनफर्ड, वॉशिंग्टन राज्यातल्या कोरड्या माळावर. तिथली 2017 ची गोष्ट मला फार आवडते. डेटात अधूनमधून एक टकटक दिसायला लागली, कशाची ते कळेना, मग मायक्रोफोनचं रेकॉर्डिंग तपासलं, आणि बाहेर जाऊन पाहिलं तर द्रव नायट्रोजनच्या पाइपावर जो बर्फ साचतो त्याच्यावर चोचींच्या खुणा. डोमकावळे तहान भागवायला बर्फ टोचत होते! उन्हाळ्यात कावळा पाण्यासाठी काय काय करतो हे मराठवाड्यातल्या पोराला सांगायला नको. तर त्या टोचण्याने पाइप थरथरायचा, पाइपाने पुढचं, आणि ते शेवटी तिथपर्यंत पोचायचं जिथे अब्जावधी प्रकाशवर्षांवरची दोन कृष्णविवरं ऐकायची वाट बघत लोक बसलेत.

तिथे फक्त आवाजांवर नजर ठेवायला दोन लाखांहून जास्त चॅनेल आहेत. वाऱ्याचे, तापमानाचे, चुंबकीय क्षेत्राचे, जमिनीचे, विजेचे. अमेरिकेत विजेची साठ हर्ट्झची घुमघुम डेटात एक उभी रेघ होऊन बसलेली असते. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे औंढ्याला ती रेघ पन्नासवर दिसेल. ही फार बारीक गोष्ट आहे पण मला तिच्यात काहीतरी घरचं वाटतं. रायनर वाइस ह्या माणसाने 1972 साली एमआयटीत बसून असं यंत्र कसं असावं ते लिहिलं, आणि त्या लिखाणाचा गाभा हाच की काय काय आवाज नडतील आणि प्रत्येकाचं काय करायचं. नोबेल मिळायला 2017 उजाडलं. मला नेहमी वाटतं की विश्वाचं गाणं, तारकांचं संगीत असले शब्द आपण फार सहज वापरतो, मथळ्यांत तर फारच. त्या लोकांचं रोजचं काम बघितलं तर ते धुणं धुण्यासारखं आहे. एकेक डाग ओळखायचा, कशाचा ते शोधायचं, चोळत बसायचं.

आणि एवढं करूनही फसायची भीती. 16 सप्टेंबर 2010 ला दोन्ही जागी एक सुंदर सिग्नल आला. लोकांनी त्याला बिग डॉग नाव ठेवलं, दिशा बृहल्लुब्धकाची, म्हणजे मोठ्या कुत्र्याच्या तारकासमूहाची, वाटत होती म्हणून. महिनोन् महिने शेकडो माणसांनी त्याच्यावर काम केलं, पेपर लिहून तयार केला. पण सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती, की मोजक्या दोन-चार जणांना गुपचूप खोटा सिग्नल सोडायची परवानगी आहे आणि तसं काही केलं असेल तर ते एका पाकिटात बंद आहे. मार्च 2011 मधे कॅलिफोर्नियात सगळ्यांसमोर ते पाकीट उघडलं. खोटा होता. त्या हॉलमधली माणसं कशी उठून बाहेर गेली असतील याचा मी विचार करतो. रागावली असतील? का हायसं वाटलं असेल, की आपले कान शाबूत आहेत? मला वाटतं दोन्ही, एकाच वेळी. आपणच आपल्याला फसवून बघायचं आणि तेही इतक्या गंभीरपणे, एवढी मोठी प्रामाणिक गोष्ट मी माझ्या कामाच्या जगात कधी पाहिलेली नाही.

खरा आला तो पाच वर्षांनी. 14 सप्टेंबर 2015, आपल्याकडे सोमवारची दुपार, तीन वाजून वीस मिनिटं. यंत्र नवं केलेलं, अधिकृत निरीक्षणं सुरू व्हायला अजून चार दिवस होते. आधी लिव्हिंग्स्टनला, मग सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. अमेरिकेत रात्र होती म्हणून पहिल्यांदा तो पाहिला जर्मनीत हॅनोव्हरला बसलेल्या मार्को द्रागो ह्या तरुण संशोधकाने, आणि त्यालाही आधी वाटलं की हा परत कुणीतरी सोडलेला खोटाच असणार. त्या दुपारी मी काय करत होतो हे मी खूप आठवून बघितलं. गणपती तीन दिवसांवर आलेले, ऑफिसच्या मागच्या नदीपात्रात संध्याकाळी ढोल-ताशांची प्रॅक्टिस चालायची, सगळा परिसर हादरायचा. त्या वर्षी गावाकडे पाऊस नव्हता, आईशी रोज बोलणं व्हायचं ते पाण्याचंच, आज टँकर आला का, किती घागरी मिळाल्या. आणि त्याच दिवशी 130 कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेली लाट माझ्यातून, आईतून, त्या टँकरमधून, रांगेतल्या रिकाम्या घागरींमधून गेली. आम्ही सगळे प्रोटॉनच्या तुकड्याहूनही कमी इतके ताणले गेलो आणि परत जागेवर आलो. कुणाला काही कळलं नाही.

घागरीवरून आठवलं. 11 फेब्रुवारी 2016 ला जेव्हा ते जाहीर झालं आणि त्याचा आवाज करून ऐकवला, तो मी हेडफोन लावून दहा-पंधरा वेळा ऐकला. खालून वर चढत जाणारा आवाज, सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा, आणि वर पोचतो न पोचतो तोच संपतो. बातम्यांत लिहिलेलं पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा. मला मात्र लगेच घागर आठवली. नळाखाली घागर लावली की आधी भसाभस जाड आवाज येतो, मग भरत आली की आवाज बारीक होत चढत जातो आणि तोंडापाशी आला की एकदम झरझर चढतो. आई पहाटे अंधारात, लाइट नसताना, पाठ करून दुसरं काही करत असायची आणि बरोबर त्या क्षणाला मागे वळून नळ बंद करायची. एक थेंब सांडायचा नाही. पाणी तिने कधी डोळ्याने मोजलंच नाही. तिला तो चढणारा आवाज पाठ होता, म्हणून शेजारी रेडिओ असो, भांडण असो, ती त्यातून तेवढाच आवाज वेचून घ्यायची.

पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेत बसून संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी हेच केलं. 1991 चा त्यांचा पेपर आहे. दोन जड तारे एकमेकांभोवती फिरत जवळ आले तर लाट कशी चढत जाईल ते आधी गणिताने काढायचं, वेगवेगळ्या वजनांसाठी अशा लाटांचे नमुने तयार ठेवायचे, आणि गोंगाटावर एकेक नमुना ठेवून बघायचं कुठे जुळतो. नमुने किती लागतील, कसे निवडायचे, हा हिशोब त्यांनी तेव्हा केला जेव्हा लायगोची इमारतसुद्धा उभी नव्हती. बंगळुरूला बाला अय्यर आणि त्यांचे फ्रेंच सहकारी त्या चढत्या लाटेचं गणित अधिक अधिक नेमकं करत होते. आणि त्याच्याही आधी, 1970 मधे, सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी दाखवलं होतं की कृष्णविवराला धक्का बसला तर ते घंटेसारखं घुमतं आणि विझत जातं. 2016 ची घोषणा त्यांच्या कानावर पडली, आणि जानेवारी 2017 मधे ते गेले. कुठलंही यंत्र नसताना, कधी होईल याची खात्री नसताना, कुणी वीस-पंचवीस, कुणी पंचेचाळीस वर्षं आधी आवाज पाठ करून ठेवणारी ही माणसं. फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आयुकात गर्दी असते, मीही पोराला घेऊन गेलोय, तिथल्या दगडी अंगणात उभं राहिलं की मला ह्याचंच भरून येतं.

पण मला सगळ्यात जास्त घट्ट धरून ठेवते ती 17 ऑगस्ट 2017 ची संध्याकाळ. ह्या वेळी कृष्णविवरं नाही, दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे गच्च दाबलेले गाभे, आणि लाट सेकंदाचा हिस्सा नाही तर तब्बल शंभरएक सेकंद येत राहिली. नेमकी ती संपायच्या सेकंदभर आधी लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात एक मोठा खडखडाट झाला, तिथला स्वतःचाच, बाहेरचा नाही. संगणकाने नियमाप्रमाणे तो भाग बाद केला, फक्त हॅनफर्डचा इशारा आला. मग माणसांनी चित्र उघडून पाहिलं, आणि त्या खडखडाटाच्या उजळ डागाच्या खालून ती चढती रेघ स्वच्छ गेलेली दिसत होती, आत शिरलेली आणि पलीकडून बाहेर आलेली. इटलीतल्या व्हर्गो ह्या तसल्याच यंत्राला जवळपास काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि त्याच न ऐकू येण्यावरून कळलं की आकाशाच्या कुठल्या तुकड्यात शोधायचं, कारण ती जागा त्याच्या बहिऱ्या बाजूला होती. काही तासांत दुर्बिणींना तो उजेड सापडला, 13 कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत. पुढे आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीनेही त्याचा पाठलाग केला. भारतात एक कान हवा तो ह्याच्यासाठीच. लांब लांबचे जितके जास्त कान तितकी दिशा नेमकी.

2023 च्या दिवाळीत मी मुद्दाम वाकडी वाट करून औंढ्याच्या त्या जागेकडे गेलो होतो. त्याच वर्षी एप्रिलमधे 2,600 कोटींना मंजुरी मिळालेली, मे महिन्यात पायाभरणी झालेली. तत्त्वतः मान्यता तर फेब्रुवारी 2016 मधेच मिळाली होती, घोषणेनंतर आठवड्याच्या आत, आणि मग सात वर्षं गेली. मला दिसला तो माळ. मुरूम, काळा पाषाण, पिवळं पडलेलं गवत, टिटव्या. एवढी शांतता की कान दुखतील. ही जागा निवडली ती ह्या शांततेसाठी, आणि ही शांतता कशामुळे आहे हे आम्हाला जिल्ह्यातल्या लोकांना माहितीये. कारखाने नाहीत, मोठं शहर नाही, ऊसतोडीला आणि पुण्या-मुंबईला गेलेली घरं कुलपात आहेत. माझ्यासारखी पोरं निघून गेली म्हणून इथे शांत आहे. तिथे उभं राहून मला अभिमानही वाटत होता आणि घशात काहीतरी अडकलंही होतं. टपरीवर एक जण म्हणाले, "आपल्या पोरायला त्यात काही काम लागल का हो?" मी म्हणालो लागेल, शाळा-कॉलेजातल्या पोरांनी फिजिक्स धरलं पाहिजे. खरं होतं पण अपुरं होतं, आणि ते त्यांनाही कळलं. तरीही मला हे यंत्र इथेच हवंय. दुष्काळ आणि आत्महत्या सोडून आमच्या जिल्ह्याचं नाव कुणी कशासाठी तरी घ्यावं असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

मग देवळात गेलो. नामदेवांना कीर्तन करताना मागे जायला सांगितलं तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही गोष्ट आजी सांगायची ती ह्याच नागनाथाची. घंटा वाजवली आणि पहिल्यांदाच ती पूर्ण विझेपर्यंत ऐकत थांबलो. मागचे लोक खोळंबले.

जुलै 2024 मधे परत एकदा सकाळी 4.5 चा धक्का बसला, परत भांडी वाजली, परत फोन आला. त्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा ठरवूनच गेलो होतो. पहाटे नळाला पाणी आलं, आई उठली, मीही उठून मोरीच्या उंबऱ्यावर बसलो आणि तिला सांगितलं की मार्चमधे मी तुला चुकीचं बोललो होतो. त्या मशीनला खालचं सगळं ऐकू येतं. भूकंप, गाड्या, वारा, पाऊस. म्हणूनच ते लोक आधी इथले आवाज लिहून ठेवतात, कोणता कशाचा, आणि अमेरिकेतल्या मशीनला त्याच वेळी तसाच आवाज आला तरच वरचा धरतात. कावळ्यांचंही सांगितलं. ती घागर विसळत ऐकत होती. कावळ्यांपाशी हसली नाही, "उन्हाळ्यात पाणी ठेवाव त्यायला" म्हणाली.

मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. घागर नळाखाली लावली.

"मार्चात हळद घासायचे ढोल फिरतेत," ती म्हणाली. "दिवसभर धडधड असती. ते लिहिलंय का त्यायनी?"

मी म्हणालो आपलं गाव लांब पडतं, पण औंढ्याच्या जवळच्या शेतांमधे ढोल असतील तर त्यांना ते बघावंच लागेल.

"मग सांग त्यायला. होळीच्या आगं-मागं दीड महिना म्हणावं. आधीच लिहून ठेवा." एवढं बोलून ती चुलीकडे वळली, पाठ करून, आणि मागे घागरीचा आवाज चढायला लागला.